घोडा अर्ध्यावर का अडकतो

रोवणी आटोपलेली असते आणि धान पोटरीत यायला अजून महिना असतो. अशा दिवसांत मामांच्या टेबलावर बंदुका येऊ लागतात. मामांकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे. गोंदियात रेलटोलीतल्या त्यांच्या लहानशा दुकानात भिंतीवर परवान्याची चौकट आहे आणि तिच्याखाली एक जाड वही. वहीत नोंद झाल्याशिवाय कोणतीही बंदूक टेबलावर चढत नाही.

त्या दिवशी आलेली बंदूक नेहमीची भरमार नव्हती. तोंडाकडूनच ठासायची, पण रायफल. अष्टकोनी नळी, नळीत पिळाचे आटे, अक्रोडाचा दस्ता आणि चापाच्या कड्यात एकामागे एक असे दोन चाप. अर्जुनी-मोरगावकडच्या एका जुन्या मालगुजार घरातली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, रायफल मात्र परवान्यासह घरात राहिली आणि आता नातवाच्या नावावर आली आहे.

नातवाची तक्रार मामांनी वहीत उतरवून घेतली होती : 'मागचा चाप लागत नाही. लागलाच तर घोडा अर्ध्यावर अडकतो.' त्याखाली त्याची विनंती : 'मागचा चाप काढावा किंवा डाग देऊन बंद करावा.'

ती विनंती मला पूर्ण पटली होती. मामांना ती मुळीच पटली नव्हती.

मी : मामा, मालक स्वतःच म्हणतोय की मागचा चाप नको. मग डाग द्या आणि परत पाठवा. यात अडचण काय आहे?

मामा : बिघाड कुठं आहे, तुले माहीत आहे?

मी : चापात.

मामा : चापात बिघाड दिसते. आहे कुठं, ते अजून कोणीच पाहिलं नाही. आपल्या गावची बोडी आठव. पाळीच्या खाली ओल दिसली म्हून तिथंच माती लोटली, तर पाणी थांबते का? भोक आतल्या अंगानं असते, खेकड्यानं पाडलेलं. कोहळी लोकांनी एवढे तलाव बांधले, ते काय ओल दिसेल तिथं माती लोटून? आधी हात धू अन् तो गज दे इकडं.

नळीखालचा गज त्यांनी काढला, नळीत तळापर्यंत सोडला आणि तोंडाशी बोटाच्या नखाने खूण धरली. मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहिला. खूण मागच्या टोकाशी, टोपी बसते त्या निपलच्या रेषेत आली. नळी रिकामी होती. खूण चार बोटं अलीकडे थांबली असती तर आत दारू आणि गोळी आहे असं समजायचं. ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार बाहेरून दिसत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेली बंदूक भरलेली निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. हे झाल्याशिवाय मामा घोड्याला हातही लावत नाहीत.

मी : तुम्ही एवढी काळजी घेता, म्हणूनच विचारतो. साध्या चापाला दीड-दोन किलोचा जोर लागतो. मागचा चाप लावून ठेवला की पुढच्या चापाला शंभर ग्रॅमसुद्धा पुरे होतात. रात्रीची वेळ, धानाची बांधी, मचाण निसरडं, बोटं गारठलेली. समोर खसखस झाली ती डुकराची की धुऱ्यावरून चाललेल्या माणसाची, हे कळायच्या आत बार उडू शकतो. असली नाजूक कळ शेतकऱ्याच्या हातात असूच नये.

मामा : हे खरं आहे.

मी : मग?

मामा : मचाणावर तो चाप लावायचाच नाही, हे मी सांगतो. पण न लावणं वेगळं अन् तोडून टाकणं वेगळं. तो लावला नाही तरी या रायफलीचा पुढचा चाप साध्या चापासारखा चालते. हे पाय.

त्यांनी निपलवर चामड्याचा जाड तुकडा ठेवला, म्हणजे लोखंडावर लोखंड आदळणार नाही. घोडा पूर्ण चढवला. मागच्या चापाला हात न लावता पुढचा चाप दाबला. चांगला जोर लागला आणि घोडा सरळ चामड्यावर पडला. तीनदा केलं, तिन्ही वेळा पडला.

मामा : यावरून दोन गोष्टी समजल्या. एक, ही दोन्ही तऱ्हेनं चालणारी जात आहे. दुसरी जात असते, तिचा मागचा चाप आधी लावल्याशिवाय घोडा वर थांबतच नाही. ती जात आली अन् लोक म्हणाले घोडा टिकत नाही, तर तो बिघाड नसते, वापरायची रीत चुकलेली असते. अन् दुसरी गोष्ट, घोड्याची मोठी स्प्रिंग चांगली आहे. आता मागचा लावून पाहू.

मागचा चाप ओढला. 'टक' असा आवाज आला नाही, सोडताच तो परत आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला. चौथ्या वेळी टक झालं. मामांनी पुढच्या चापाला नुसतं बोट टेकवलं. घोडा निघाला आणि अर्ध्या खाचेत कचकन अडकला.

मी : झालं! हेच घडतं आहे. मागचा चाप बंद केला की हा प्रकारच संपेल.

मामा : दिसणं संपेल. आता ऐक, अन् मधात बोलू नको. पुढचा चाप साधा दाबला तेव्हा काय झालं? तुझ्या बोटानं आतली अडकण वर उचलली अन् घोडा पडेपर्यंत ती वरच धरून ठेवली. मागचा लावला तेव्हा तसं नाही होत. मागच्या चापाखाली जोरदार स्प्रिंग आहे. तो ओढला की स्प्रिंग ताणते अन् चाप पुढच्या चापाच्या दातात अडकते. पुढच्याले बोट लागलं की मागचा सुटते, त्याचं पातं वर उसळते अन् अडकणीले ठोसा देते. बोट ढकलते, पातं मारते. ठोसा खाऊन अडकण वर उडते अन् लगेच खाली येते. तिच्यासमोरून तेव्हा घोड्याची अर्धी खाच जाऊन राहते. अडकण त्यात पडली की घोडा थांबला.

मी : मग दोन चापांच्या प्रत्येक रायफलीत असंच व्हायला पाहिजे.

मामा : व्हायला पाहिजे. होत नाही, काहून? कारण ज्यानं हे पहिल्यांदा बनवलं त्याले हेच दिसलं होतं. म्हून त्यानं त्या खाचेपाशी एक जिभली बसवली. तांदळाच्या कणीएवढी. घोडा पडताना ती खाचेवर आडवी येते, अडकण तिच्यावरून घसरून पुढं जाते. घोडा हातानं अर्ध्यावर ठेवायचा असला की तीच जिभली बाजूला होते. साध्या चापाच्या बंदुकीत ती नसली तरी भागते. दोन चापांच्या बंदुकीत नसली तर आज झालं तसं होते.

हे ऐकताना मला त्या कारागिरांचं नवल वाटलं. बंदुकीच्या आधी युरोपात आडव्या धनुष्यावर असले नाजूक चाप बसवत. तिथून ते जर्मन शिकारी रायफलींवर आले आणि जर्मन कारागिरांबरोबर अमेरिकेत पोचले. बार उडवायला लागणारी ताकद आणि नेम धरणारं बोट या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. बोटाने आधीच ताकद लावून ती स्प्रिंगमध्ये साठवायची, म्हणजे नेमाच्या क्षणी हात हलत नाही. चकमकीच्या ठिणगीऐवजी ठोक्याने पेट घेणाऱ्या दारूचं पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने १८०७ मध्ये घेतलं. पुढे त्यातूनच टोपी आली. आणि आपल्या मध्य प्रांतातल्या जंगलांवर १८७१ मध्ये ज्याचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक निघालं, तो कॅप्टन जेम्स फोर्सिथ वेगळा. या दुसऱ्या फोर्सिथने शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या यांवरही एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. ते सगळं जग आता गेलं आहे, आणि जावं हेच बरं. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. ज्या जंगलात ही रायफल फिरली असेल, त्या जंगलाला आता तिची गरज नाही.

मी ते बोलून दाखवलं.

मी : मामा, कारागिरी मोठी आहे, मान्य. पण देवरी, सालेकसा या पट्ट्यात भरमार म्हटलं की लोकांना काय आठवतं? नक्षलवाद्यांकडून पकडलेल्या बंदुकांचे ढीग, नाहीतर चोरटी शिकार. रानडुक्कर २०२३ च्या एप्रिलपासून वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही. पिकासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय बार टाकता येत नाही. अशा वेळी जुनी कळ पुन्हा तेज करून देण्यात काय अर्थ आहे?

मामा : तुझं बोलणं कायद्याचं आहे, तर कायद्यानंच बोलू. १९५९ चा शस्त्र कायदा भरमारीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी देतेच. त्याच कायद्यात ४५ वं कलम आहे. जी बंदूक दुरुस्त करूनही चालू शकत नाही, तीच त्या कायद्यातून सुटते. दुरुस्तीनं चालू होऊ शकते ती बंदूकच धरली जाते. म्हंजे मी मागचा चाप डाग देऊन बंद केला, तरी ही बंदूक राहते, परवाना राहते, टोपी लावली की बार उडते. तू धोका काढला नाही. धोका सांगणारी खूण फक्त काढली.

मी : पण अर्ध्यावर अडकणं हा प्रकार तरी जाईल ना?

मामा : अन् अडकणीच्या टोकाचं काय? एवढ्या जोरानं पडणारा घोडा त्या टोकावर किती वेळा आदळला असेल? टोक चेपलं, तर उद्या तो पूर्ण चढवलेला घोडासुद्धा धरणार नाही. साध्या चापानं वापरली तरी. माणूस घोडा चढवून मचाणावर बसेल अन् घोडा आपोआप पडेल. तू ज्याले भ्यायला पाहिजे, ते हे आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

मामांनी दोन स्क्रू काढून लॉक दस्त्यातून हळूच सोडवलं. बाहेर काढलेल्या लॉकमध्ये घोडा मोकळा पडू द्यायचा नसतो, अंगठ्याने धरून उतरवायचा. नाहीतर आतले भाग एकमेकांवर आपटून तडकतात. भिंग लावून त्यांनी अडकणीचं टोक पाहिलं, मला दाखवलं. एका कडेला बारीक चमक होती, पण कोपरा शाबूत होता. वेळेवर आली, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी एका वातीचा धूर अडकणीच्या दांडीवर धरला, काजळी बसली. लॉक पुन्हा लाकडात बसवलं, घोडा दोनदा चढवून उतरवला, लॉक काढलं. खाचेतल्या लाकडावर एका बाजूला काळा ठिपका उमटला होता.

मी : इथं घासतंय. खरवडा ना थोडं.

मामा : नाही. हा ऑगस्ट आहे. दोन महिने पाणी पिऊन लाकूड फुगलं आहे. आज खरवडलं तर उन्हाळ्यात तिथं फट पडेल, अन् लॉक हलेल. हा ठिपका लहान आहे, दांडी अडत नाही. वहीत लिहून ठेवतो, मार्चमध्ये पुन्हा पाहू.

त्यांची पद्धत अशीच असते. आधी लॉक एकटं तपासायचं, मग लॉक लाकडात बसवून पण चापांशिवाय, मग चापांसह. एका वेळी एकच गोष्ट जोडायची. घोडा वर टिकत नसेल आणि चापांची पट्टी काढल्यावर टिकू लागला, तर पातं अडकणीला सतत टेकलेलं आहे हे उघड होतं. बहुतेक वेळा मागचा उभा स्क्रू कुणीतरी दात-ओठ खाऊन आवळलेला असतो, लाकूड दबतं आणि पट्टी वर सरकते. अशा वेळी अडकणीवर कानस चालवणारे पुष्कळ आहेत. त्या लोखंडाचा कडकपणा फक्त वरच्या पापुद्र्यात असतो. कानशीने तो गेला की खाली मऊ लोखंड, आणि ते महिन्याभरात झिजतं. या रायफलीत पट्टी ठीक निघाली.

मग मामांनी लॉक पूर्ण खोललं. खाचांच्या चाकावर मधासारखा तांबूस, कडक थर होता. जिभली जागेवर होती, पण सुईने ढकलली तरी हलत नव्हती. त्या थरात ती जणू लाखेत बसवली होती. थराच्या कडेला लाल कण दिसत होते. मामांनी नखाने एक कण काढला, बोटावर चुरडला, वास घेतला.

मामा : कुंकू. अन् हे तेल जवसाचं.

मी : जवसाचं तेल?

मामा : दसरा, बेटा. खंडेनवमीले शस्त्रं पुजतात ना. घरच्या बाईनं मनोभावे तेल-कुंकू केलं. बंदूक गंजू नये म्हून प्रत्येक फटीत तेल सोडलं. जवसाचं तेल लाकडाले अमृत आहे, सुकून त्याचा पापुद्रा होते अन् पाणी आत जाऊ देत नाही. लोखंडाच्या सांध्यात तेच सुकलं की सरस होते.

रॉकेलच्या वाटीत ते चाक तासभर बुडवून ठेवलं. वाटीत रॉकेल हळूहळू पिवळं होत गेलं. तासाभराने मामांनी चिमट्याने चाक बाहेर काढलं, फडक्याने टिपलं, फुंकर मारली. जिभली आपल्या खुंटीवर मोकळी झाली. चाक कलतं केलं की ती आपल्याच वजनाने इकडून तिकडे पडू लागली. मी ती कितीतरी वेळ कलती करून पाहत राहिलो. सुटा एकही भाग नवा लागला नव्हता.

दुसरं कोडं लगेच सुटलं. दोन चापांच्या मधोमध एक बारीक स्क्रू असतो. मागचा चाप पुढच्याच्या दातात किती खोल धरायचा हे तो ठरवतो. हा आत गेला की पकड कमी, चाप हलका; फार आत गेला की पकडच मिळत नाही. त्या स्क्रूची खाच एका बाजूने ताजी फाटलेली होती, चमकत होती. मामांनी फोन लावला तेव्हा नातवाने सांगितलं, की घोडा अडकतो म्हणून त्यानेच तो स्क्रू फिरवून पाहिला होता. पहिल्या बिघाडावर केलेला तो उपाय होता, आणि त्यातून दुसरा बिघाड तयार झाला.

मामांनी मापाचा पेचकस घेऊन स्क्रू बाहेर फिरवला. अर्धा फेरा, मग पाव. मागचा चाप ओढला : टक. दहादा ओढला, दहादा टक. लावलेल्या स्थितीत दस्त्याची टाच रबराच्या पट्टीवर आपटली. चाप सुटला नाही. मग पुढच्याला बोट लावलं. घोडा कुठेही न थांबता चामड्यावर पडला.

मी : आणखी फिरवा, मामा. अजून जड करा.

मामा : याच्यापुढं गेलं की पुढचा चाप दाबताना घासल्यासारखा खरखरेल. घासणारा चाप कधी सुटेल ते बोटाले कळत नाही. तो हलक्या चापापेक्षा वाईट.

मी : तरी अजून पाव फेरा.

ते माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पाव फेरा दिला, दाबून पाहिलं, आणि तसाच राहू दिला. खरखर आली नव्हती.

मी एका पुठ्ठ्यावर लिहिलं : 'रानात, मचाणावर मागचा चाप लावू नये. चुकून लावला तर बंदुकीचं तोंड मोकळ्या जमिनीकडे, आधी टोपी काढावी, घोडा अंगठ्याने घट्ट धरावा, मगच पुढचा चाप सोडवून घोडा हळू उतरवावा.' दोऱ्याने तो पुठ्ठा चापाच्या कड्याला बांधला. मामांनी चष्मा वर करून तो वाचला, माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ घातली : 'दसऱ्याला जवसाचं तेल फक्त लाकडाला. आईंना सांगावे.'